नाडी १४०, पण पाय जागच्या जागी : व्हीआर व्यायाम आणि साधं चालणं

प्रश्न थोडक्यात असा : वय ४७, वजन ७२ किलो, बैठं काम, दुसरा आजार नाही. तीन वर्षं रोज सकाळी ४० मिनिटं चालत होतो. दोन महिन्यांपूर्वी व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा, आभासी जग दाखवणारा चष्मा) घेतला आणि आता रोज संध्याकाळी अर्धा तास त्यात बॉक्सिंग आणि तालावर ठोकळे कापायचा खेळ खेळतो. मनगटावरचं घड्याळ चालताना नाडी १०५ आणि १८० कॅलरी दाखवायचं. व्हीआरमध्ये नाडी १४० आणि ३१० कॅलरी दाखवतं. त्यामुळे चालणं जवळजवळ बंद केलं आहे. हे बरोबर आहे ना? ता. क. : हेडसेट काढल्यावर पाच-दहा मिनिटं पाय अधांतरी असल्यासारखे वाटतात. उजवा कोपरही हल्ली बाहेरच्या बाजूने दुखतो.

उत्तर :

ता. क. मध्ये लिहिलेल्या दोन तक्रारी मी मुख्य प्रश्नाइतक्याच महत्त्वाच्या मानते, त्यांच्याकडे येतेच. पंचवीस वर्षं फिजिओथेरपी करते आहे आणि गेली काही वर्षं हेडसेट घालून व्यायाम करणारी माणसं नियमित बघते आहे. त्यांतले बहुतेक जण तुमच्यासारखेच घड्याळातले दोन आकडे शेजारी ठेवून निर्णय घेतात, म्हणून सुरुवात आकड्यांपासून.

घड्याळ कॅलरी मोजत नाही. ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परतणाऱ्या प्रकाशात पडणारा फरक बघतं आणि त्यावरून ठोके मोजतं. पुढे तुमचं वय, वजन, लिंग आणि हे ठोके एका सूत्रात घालून कॅलरीचा अंदाज काढतं. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० स्वयंसेवकांच्या मनगटावर अशी ७ उपकरणं तपासली. त्यांपैकी ६ उपकरणांनी नाडी ५ टक्क्यांच्या आत अचूक मोजली. कॅलरीच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगलं उपकरणसुद्धा २७ टक्क्यांनी चुकत होतं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्या चाचणीत माणसं बसत होती, चालत होती, पळत होती, सायकल चालवत होती. हवेत ठोसे मारत नव्हती.

तुमचा आकडा तपासून बघू. शरीराचा खर्च मोजायला आम्ही ‘मेट’ हे एकक वापरतो. शांत बसलेलं शरीर दर मिनिटाला किलोमागे साधारण ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं, तो १ मेट. व्यवहारात १ मेट म्हणजे तासाला किलोमागे सुमारे १ कॅलरी. तुमचं वजन ७२ किलो, वेळ अर्धा तास, म्हणजे ३१० कॅलरीसाठी तुम्हाला सरासरी ८.६ मेटचं काम करावं लागेल. ताशी ८ किलोमीटरच्या थोड्या वरच्या वेगाने अर्धा तास न थांबता पळायला साधारण तेवढा ऑक्सिजन लागतो. आज बूट घालून बाहेर पडलात तर असं पळू शकाल का? तुमच्या वर्णनावरून मला तरी तसं वाटत नाही.

व्हीआर खेळ मास्क लावून, श्वासातला ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजून तपासले गेले आहेत. तालाचे खेळ बहुतेक मध्यम तीव्रतेच्या आसपास राहतात. बॉक्सिंग फेरी चालू असेपर्यंत जोरदार व्यायामाच्या पट्ट्यात चढतं आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये खाली येतं. मेनू बघणं, पुढचं गाणं निवडणं, पट्टा घट्ट करणं हे सगळं धरून तुमच्या अर्ध्या तासाची सरासरी मी ४.५ ते ५.५ मेट धरेन. म्हणजे १६० ते २०० कॅलरी. तुमचं ४० मिनिटांचं चालणं ताशी ५ किलोमीटरने असेल तर ते ३.४ मेटच्या आसपास येतं, म्हणजे सुमारे १६५ कॅलरी. चालण्याच्या बाबतीत घड्याळ थोडंच चुकलं, कारण त्याचं सूत्रच अशा हालचालींवर बेतलेलं असतं. तर कॅलरीच्या हिशोबात दोन्ही व्यायाम जवळपास बरोबरीत आहेत.

मग नाडी १४० कशी? ते ठोके खोटे नाहीत, तुमचं हृदय खरंच तेवढं धावत होतं. फरक आहे तो हे ठोके कशासाठी पडत होते याचा, आणि या सगळ्या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

हातांनी केलेला व्यायाम आणि पायांनी केलेला व्यायाम हृदयाला सारखा वाटत नाही. तेवढाच ऑक्सिजन वापरायचा असेल तर हातांच्या कामात नाडी जास्त चढते आणि रक्तदाबही जास्त चढतो. हे हातांनी पेडल फिरवायच्या यंत्रावर अनेक दशकं पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. खास सराव नसलेल्या माणसाला हातांनी जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरता येतो, तो पायांच्या तुलनेत साधारण ७० टक्केच असतो. हातांचे स्नायू लहान आहेत. तेच काम थोड्या स्नायूंवर पडलं की प्रत्येकाला आपल्या ताकदीचा मोठा हिस्सा लावावा लागतो, आणि मेंदू हृदयाला जास्त जोराचा हुकूम पाठवतो. त्यात खांदे आणि पाठ हातांना आधार द्यायला सतत ताठ राहतात. असे आवळलेले स्नायू स्वतःतल्या रक्तवाहिन्या दाबतात आणि दाब वाढवतात. हात छातीच्या वर उचलून काम केलं तर आणखी भर.

तिसरं कारण पायांत आहे. चालताना पोटऱ्या प्रत्येक पावलाला आवळतात आणि सैल होतात. पायांतल्या नीलांमध्ये झडपा असतात, त्यामुळे आवळलेल्या पोटरीतून रक्त फक्त वरच जाऊ शकतं. हा पंप चालू असला की हृदयाकडे भरपूर रक्त परत येतं आणि एकेका ठोक्यात जास्त रक्त बाहेर फेकलं जातं. तुम्ही एका जागी उभे राहून ठोसे मारता तेव्हा हा पंप अर्धवट चालतो. प्रत्येक ठोक्याला रक्त कमी मिळतं, मग हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. म्हणजे तुमच्या १४० मधले काही ठोके जास्त ऑक्सिजन पोचवायला नव्हतेच, ते प्रत्येक ठोक्यातली तूट भरून काढत होते.

आणि उत्कंठा. समोरून प्रतिस्पर्धी अंगावर येतो, डोळ्यांपुढे काही सेकंदांचं घड्याळ उलटं मोजत असतं. त्या वेळी ॲड्रेनलिन सुटतं आणि पहिला ठोसा मारायच्या आधीच नाडी वर सरकते. खात्री करायची असेल तर एक दिवस खुर्चीत बसा, हेडसेट लावा, एखादा थरारक प्रसंग हात न हलवता नुसता बघा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा. नाडी चढेल, काम मात्र शून्य. घड्याळाला हा फरक कळत नाही, ते त्या ठोक्यांच्याही कॅलरी लावतं.

यावरून व्हीआर निरुपयोगी ठरतो असं मात्र समजू नका. हृदयाला त्यातून खरा व्यायाम मिळतो, आणि बॉक्सिंगच्या फेऱ्या तुमच्या आजच्या चालण्यापेक्षा नक्कीच जोरकस आहेत. तुमच्या चालण्याबद्दलही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०८ वजा वयाच्या ०.७ पट या सूत्राने तुमची कमाल नाडी १७५ येते. विश्रांतीची नाडी ७० धरली तर मधला वाव १०५ ठोक्यांचा. मध्यम व्यायाम या वावाच्या ४० टक्क्यांपासून सुरू होतो, म्हणजे तुमच्यासाठी नाडी ११२ पासून. चालताना तुमची नाडी १०५ असायची. तीन वर्षांत शरीर त्या चालण्याला सरावलं आणि आता ते तुमच्या हृदयाला हलकंच वाटतं. तुम्हाला त्याचा कंटाळा आला असेल, तर तो काही प्रमाणात यामुळेच, असं मला वाटतं. व्हीआरने तुम्हाला दम लागायची चव पुन्हा दाखवली, ही त्याची चांगलीच बाजू आहे.

उपाय सोपा आहे. चालण्यात चढ आणा. सपाटीवर ताशी ५ किलोमीटरला ३.४ मेट लागतात. तोच वेग ५ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरमागे ५ मीटर वर जाणाऱ्या रस्त्यावर किंवा तशा तिरक्या ट्रेडमिलवर, ठेवला तर खर्च ५.५ मेटच्या घरात जातो. तुमच्या व्हीआरच्या अर्ध्या तासाची सरासरीही जास्तीत जास्त तेवढीच धरली होती. फरक एवढाच, की इथे काम मोठे स्नायू करतात, पोटरीचा पंप जोरात चालतो आणि तेवढ्या ऑक्सिजनसाठी हृदयाला कमी धडपड करावी लागते. चढ नसेल तर वेग वाढवा. मिनिटाला १०० पावलं ही मध्यम व्यायामाची ढोबळ खालची पायरी मानतात. तुम्ही ११५ ते १२० पर्यंत जा. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका दम लागला पाहिजे.

आता व्हीआरची दुसरी मोठी गोष्ट. श्रम होतात, पण तेवढे जाणवत नाहीत. हे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो आणि त्याला शास्त्रीय आधार आहे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रम किती वाटतात हे मोजायला ६ ते २० ची पट्टी तयार केली. ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. निरोगी मध्यमवयीन माणसाने सांगितलेल्या आकड्याला १० ने गुणलं की साधारण त्याची नाडी येते. १४० नाडीला तुम्ही १४ म्हणायला हवं. मी अशा लोकांना खेळ संपल्याबरोबर विचारते तेव्हा ११, १२ अशी उत्तरं येतात. लक्षाला मर्यादा असते. समोर येणारे ठोकळे, ताल, गुण यांनी ते व्यापलं की धापेचा, भरून आलेल्या खांद्यांचा निरोप मागे पडतो. संगीत ऐकत चालताना असंच थोडं होतं. हेडसेटमध्ये डोळेही अडकलेले असतात, त्यामुळे परिणाम जास्त.

याला एक छत आहे. श्वास जोरजोरात चालू लागला, बोलणं तुटू लागलं, की शरीराचे निरोप इतके मोठे होतात की कोणताही खेळ ते दाबू शकत नाही. म्हणून हा फायदा हलक्या आणि मध्यम व्यायामात मिळतो. बॉक्सिंगच्या शेवटच्या फेरीत तो विरतो आणि मग थकवा एकदम अंगावर येतो. ‘अचानक संपलो’ असं लोक म्हणतात ते यामुळे. प्रत्यक्षात ते आधीपासून थकत आलेले असतात.

लक्ष वळवायची ही ताकद किती मोठी आहे याचं सर्वांत जुनं चांगलं उदाहरण भाजलेल्या रुग्णांचं आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी जखमा साफ करताना रुग्णांना बर्फाच्या आभासी दरीत नेलं, तिथे ते बर्फाचे गोळे फेकत असत. वेदनाशामकं चालू असूनही असह्य होणारी वेदना त्या वेळात बरीच कमी जाणवली. भाजलेल्या कातडीचं दुखणं ज्याने मागे पडतं, त्याने कोपराची कुरकुर मागे पडायला काहीच अवघड नाही.

तुमच्या कोपराकडे असं बघा. ठोकळे कापताना मनगट झटकलं जातं, आणि कंट्रोलर, म्हणजे खेळ चालवायला हातात धरायचं उपकरण, निसटू नये म्हणून मूठ घट्ट आवळलेली असते. मूठ आवळताना मनगट मागे धरून ठेवणारे स्नायू काम करतात आणि ते कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेले असतात. अर्ध्या तासात हजारभर झटके, रोज, मध्ये एकही सुटीचा दिवस नाही. ज्याला आपण टेनिस एल्बो म्हणतो ते रॅकेट न धरताही असं होतं. घरी एक चाचणी करा. कोपर सरळ, तळवा जमिनीकडे, आणि भरलेली पाण्याची बाटली उचला. बाहेरच्या हाडापाशी नेमकं दुखलं तर शंका पक्की.

हवेत ठोसा मारण्याची आणखी एक अडचण आहे. खऱ्या पिशवीवर मारलेला ठोसा पिशवी थांबवते. हवेतला ठोसा तुमचेच स्नायू थांबवतात, खांद्याच्या मागचे आणि दंडाचे, आणि तेही ताणले जात असताना. असं काम स्नायूंना सर्वांत जास्त दुखवतं. सुरुवातीच्या आठवड्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं ते त्यामुळे. कोपर प्रत्येक वेळी टोकापर्यंत झटक्याने सरळ केला तर सांध्याच्या मागच्या बाजूला मार बसतो. काही जण परिणाम वाढावा म्हणून मनगटाला वजनं बांधतात. तसं कृपा करून करू नका. पाव किलो वजनसुद्धा वेगात असताना थांबवायला फार जड असतं, आणि मी बघितलेली बरीचशी दुखावलेली कोपरं आणि खांदे याच मार्गाने आलेली आहेत.

चालण्यात जे घडतं ते इतकं ओळखीचं आहे की त्याची किंमत आपल्याला वाटत नाही. प्रत्येक पावलाला शरीर टेकलेल्या पायावरून उलट्या लंबकासारखं पुढे जातं. वर चढताना गतीची ऊर्जा साठते, खाली येताना ती परत मिळते. आरामाच्या वेगाला यातून जी बचत होते ती साठ-पासष्ट टक्क्यांच्या घरात असते, म्हणून माणूस तासन् तास चालू शकतो. टाच टेकताना आणि चवड्याने ढकलताना जमिनीकडून शरीराच्या वजनाइतका किंवा थोडा जास्तच धक्का परत येतो आणि तो घोटा, गुडघा, खुबा करत कण्यापर्यंत जातो. हाडांना हा भार लागतो. एका पायावर असताना खुब्याच्या बाजूचे स्नायू कंबर पडू देत नाहीत. म्हातारपणी तोल जाणार की राहणार हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरतं. मांड्या आणि पोटऱ्या हे साखर वापरणारे सर्वांत मोठे स्नायू, आणि आवळणारा स्नायू इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत घेतो. जेवणानंतरचं थोडं चालणंही म्हणूनच उपयोगी पडतं. तुमच्या संध्याकाळच्या अर्ध्या तासात पाय दोन मीटरच्या चौकोनात आहेत. खाली वाकून अडथळे चुकवता तेव्हा मांड्यांना चांगलं काम मिळतं, हे खरं. पण पावलं? पावलं जवळजवळ नाहीतच.

दुसरी तक्रार पायांच्या अधांतरीपणाची. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणच्या बातम्या जुळवतो : डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, आणि तळपाय-घोटे-मान यांतून येणारी जाणीव. चालताना तिन्ही एकच गोष्ट सांगतात. हेडसेटमध्ये डोळे म्हणतात आपण सरकलो, कान म्हणतो उभेच आहोत. मळमळ, गरगर, डोकं जड होणं हे या विसंवादातून येतं. बोटीत किंवा घाटात गाडी लागते त्याचंच हे भावंड. डोकं वळवल्यावर चित्र वळायला २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला तर त्रास वाढतो. नवे हेडसेट त्या बाबतीत बरेच सुधारले आहेत. तरी कंट्रोलरवरची काडी अंगठ्याने ढकलून आभासी जगात पुढे सरकायचे खेळ अजूनही सर्वांत जास्त त्रास देतात. तुमचे दोन्ही खेळ त्या मानाने सौम्य आहेत, कारण त्यांत तुम्ही जेवढे हलता तेवढंच चित्र हलतं.

डोळ्यांवरही एक वेगळा ताण असतो. भिंगांमुळे स्पष्ट दिसण्याचं अंतर एकच ठरलेलं राहतं, आणि वस्तू मात्र जवळ येतात, लांब जातात. दोन्ही डोळे वस्तूप्रमाणे आत-बाहेर वळतात, नजरेची धार मात्र एकाच अंतरावर धरून ठेवावी लागते. एरवी या दोन गोष्टी जोडीने होतात. अर्धा तास ही जोडी मोडून काम केलं की डोळे शिणतात. चालताना नजर लांब जाते आणि तिला विश्रांती मिळते.

हेडसेट काढल्यावर मेंदूला जुनी घडी बसवायला काही मिनिटं लागतात. तुमची पाच-दहा मिनिटं त्यातलीच आहेत. तेवढ्या वेळात जिना उतरू नका, गाडी चालवायला घेऊ नका. थेट खुर्चीतही बसू नका : अनवाणी, दिवा लावून, घरातल्या घरात पाच मिनिटं संथ चाला. तळपायांना खरी जमीन मिळाली की मेंदूला खात्रीची बातमी मिळते. शिवाय जोरदार व्यायामानंतर एकदम थांबल्यावर पायांत रक्त साठून येणारी भोवळही टळते.

हेडसेट घालून ट्रेडमिलवर चालण्याबद्दल मला बरेचदा विचारतात. मापं घेतली तर दिसतं की आभासी जगात माणूस आखूड पावलं टाकतो, पाय जास्त फाकवतो, आणि एका पावलासारखं दुसरं पडत नाही. बर्फावर किंवा अंधारात आपण असेच चालतो, म्हणजे शरीराचा विश्वास बसलेला नसतो. डोळ्यांसमोरून सरकणाऱ्या दृश्याचा वेगही पायांना फसवतो. दृश्य संथ केलं तर माणूस नकळत भरभर चालतो आणि दृश्य पळवलं तर हळू होतो. प्रयोगशाळेत पडू न देणारा, वर दोरीला अडकवलेला पट्टा अंगाला बांधून हे फार छान वापरता येतं. घरी, एकट्याने, पूर्ण डोळे झाकणारा हेडसेट लावून चालत्या पट्ट्यावर चढणं मी कोणालाही सुचवणार नाही.

पण आभासी दृश्य आणि खरं चालणं यांची जोडी नीट बांधली तर काय होतं, हे ज्यामुळे माझं मत बदललं तो अभ्यास सांगते. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, पाच देशांत झालेल्या या अभ्यासात पडण्याचा धोका असलेल्या सुमारे ३०० ज्येष्ठांना घेतलं होतं. आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं, सहा आठवडे सगळेच ट्रेडमिलवर चालले. अर्ध्यांच्या समोर पडदा होता. त्यावर त्यांचीच पावलं दिसत आणि त्यांना अडथळे ओलांडावे लागत, वाट निवडावी लागे. नुसतं चाललेल्यांचं सहा महिन्यांतलं पडण्याचं प्रमाण माणशी सरासरी १०.७ वेळांवरून ८.३ वर आलं. पडद्यासह चाललेल्यांचं ११.९ वरून ६.० वर. तिथे डोळे झाकणारा हेडसेट नव्हता, आणि पाय खरे चालत होते. आभासाने चालण्याची जागा घेतली नाही; चालताना डोक्यालाही काम दिलं.

काही माणसांना मी व्हीआर आपणहून सुचवते. चाकाच्या खुर्चीत असणाऱ्यांना हातांचाच व्यायाम शक्य असतो आणि तो सहसा कंटाळवाणा असतो, तिथे हेडसेट मोठं काम करतो. गुडघ्यांमुळे चालणं सध्या बंद असेल तर बसून बॉक्सिंग हा चांगला मधला मार्ग. पक्षाघातानंतर हाताच्या व्यायामात व्हीआर नेहमीच्या उपचारांच्या जागी ठेवला तर फारसा जास्त फायदा दिसत नाही, पण नेहमीच्या उपचारांत भर म्हणून दिला तर उपयोग होऊ शकतो. आणि ज्यांनी वर्षानुवर्षं कोणताच व्यायाम केलेला नाही, त्यांच्यासाठी जो व्यायाम ते उद्या पुन्हा करतील तो चांगला. अशा माणसाने दिवसाला वीस मिनिटं ठोकळे कापले तर मला मनापासून आनंद होतो.

उलट ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, फेफरं येतात, किंवा चक्कर येण्याचा जुना आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नये. हृदयाचे ठोके कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर घड्याळातल्या नाडीला अर्थ उरत नाही, तिथे बोर्गची पट्टीच वापरायची. इन्शुलिन घेणाऱ्यांनी विशेष जपावं. साखर उतरायला लागल्यावर होणारी थरथर आणि घाम खेळाच्या भरात ओळखू येत नाही.

तुमच्यासाठी मी असं करेन. चालणं परत आणा, आठवड्यातून पाच दिवस, ३० ते ३५ मिनिटं, नाडी ११५ ते १३० मध्ये राहील असा चढ किंवा वेग ठेवून. तेवढ्यानेच जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटं होतात. व्हीआर दोन दिवस, फार तर तीन, आणि लागोपाठच्या दिवशी नाही. ताकदीच्या व्यायामाचे दोन दिवस वेगळे धरा, कारण हवेत मारलेल्या ठोशांना वजन नसतं आणि त्यांनी ताकद फारशी वाढत नाही.

व्हीआरच्या आधी पाच मिनिटं हेडसेट न घालता खांदे, मनगटं, गुडघे मोकळे करा. पायाखाली छोटी सतरंजी ठेवा. तळपायांना कड लागली की आपण मधून सरकलो हे डोळे झाकलेले असतानाही कळतं. हेडसेटचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि ते सगळं चेहऱ्याच्या पुढे लटकतं, मानेच्या मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. मागे भार देणारा पट्टा मिळत असेल तर लावा. पंखा समोरून लावा, कारण चालताना अंगाला आपोआप मिळणारा वारा इथे मिळत नाही आणि अर्धा चेहरा झाकलेला असतो. ठोसा खांद्यातून न मारता मागच्या पायाची टाच वळवून, कंबरेतून मारा आणि कोपर पूर्ण सरळ व्हायच्या आत हात परत घ्या. मोठे स्नायू कामाला लागले की त्याच १४० नाडीत जास्त ऑक्सिजन वापरला जातो, म्हणजे तुमचा खेळ चालण्याच्या थोडा जवळ सरकतो. दर सात-आठ मिनिटांनी थांबून स्वतःला विचारा : ६ ते २० मध्ये आत्ता किती? आणि कुठे काही दुखतंय का?

कोपरासाठी ठोकळे कापायचा खेळ तीन आठवडे बंद. बॉक्सिंग, मूठ सैल ठेवून आणि कंट्रोलर पट्ट्याच्या आधारावर सोडून, चालेल; त्यानेही दुखलं तर तेही बंद. दिवसाआड हात टेबलावर टेकवून, मनगट कडेबाहेर, तळवा खाली, अर्धा लिटरची बाटली धरा. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला आणि दुखऱ्या हाताने ते हळूहळू, चार मोजत, खाली सोडा. १५ वेळा, तीन फेऱ्या. करताना थोडं दुखलं तर हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर बाटली अर्धी रिकामी करा. बोटांना मुंग्या येत असतील, किंवा कप धरताना हातातून सुटत असेल, तर वाट न बघता प्रत्यक्ष दाखवा.

सहा आठवड्यांनी त्याच चढावर, त्याच वेगाने चालून नाडी बघा. पाच-सात ठोके खाली आले असतील तर चढ थोडा वाढवायची वेळ झाली. आणि पायांचं ते अधांतरीपण अर्ध्या तासाहून जास्त टिकू लागलं, किंवा हेडसेट न घालताही अंथरुणात कूस बदलताना खोली फिरली, तर खेळ तिथेच थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. त्या तक्रारीचं मूळ हेडसेटमध्ये नसून आतल्या कानात असू शकतं, आणि तिथला एक नेहमी आढळणारा प्रकार डोकं ठरावीक क्रमाने वळवून एक-दोन भेटींत बहुधा बराही होतो.